पाच घरचं कापड

माझ्याकडे शिलाई मशीन आहे ही बातमी आमच्या कॉलनीत कुणी पसरवली ते मला माहीत नाही, पण त्या व्यक्तीने माझं भलं केलेलं नाही. रविवारी सकाळी फाटक वाजलं की बाहेर एक बाई आणि एक गाठोडं उभं असतं. गाठोड्यात मुलाची गुडघ्यावर फाटलेली जीन्स, नवऱ्याचे कॉलर विरलेले शर्ट, फॉल सुटलेल्या साड्या. "याचं काही होते का पाहा ना मॅडम," असं म्हणून ती मोकळी होते. काही म्हणजे काय ते मी ठरवायचं. पिशवी, उशीचा अभ्रा, पायपुसणं, गोधडी. अमरावतीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी सहा दिवस काम करते आणि सातव्या दिवशी ही गाठोडी सोडते.

मला जुन्या कपड्यांबद्दल फार माया आहे असा लोकांचा समज आहे. तसं काही नाही. कापड अजून चांगलं असतं, आणि बाजारातली पिशवी महिन्याभरात बंदातून उसवते, एवढंच. पण गाठोडी आणणाऱ्यांना एवढंही कळत नाही. पँटच्या खिशात सुपारीची पुडी तशीच असते. चेन तुटलेली, घाम तसाच. एका बाईने मला कुर्ता देताना त्याची बटणं आणि गळ्याची लेस आधी स्वतःसाठी काढून घेतली होती. मी विचारलं तर म्हणाली, ते चांगलं होतं ना. आणि एवढं सगळं करून वर ऐकायचं, "तुमचा बरा टाइमपास होते."

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठ दिवस आधी अकोल्याहून नणंदेचा फोन आला आणि तिनेही जुन्या कापडाचंच काम काढलं, तेव्हा मी एरवी पटकन नाही म्हटलं असतं. मी हो म्हटलं. त्याला कारण होतं.

नणंद माझ्याहून थोडी लहान, पण नणंद म्हणून मी तिला ताई म्हणते. तिला एकच मुलगी. ती तेव्हा सातव्या महिन्यात होती आणि बाळंतपणाला आईकडे आली होती. ताईचं म्हणणं असं, की बाळाला पाच घरचं जुनं कापड लागेल. विकत घेतलेलं नको, मागून आणलेलं हवं. अकोल्यात मागितलं तर दहा जणी विचारतील, म्हणून ते मी अमरावतीतून मागावं. घरं अशी हवीत की ज्या घरची सगळी लेकरं जिवंत आहेत. एकही गेलेलं नको.

"अन् वहिनी, आत्ता काही शिवू नका," ती शेवटी म्हणाली. "कात्रीही लावू नका. लेकरू झालं की मंग."

मी विचारलं, डिसेंबरच्या थंडीत बाळ जन्मलं की पहिल्या दिवशी घालणार काय? ती म्हणाली, गुंडाळू. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी? ती म्हणाली, दुसऱ्या दिवशीही गुंडाळू. पुढे मी विचारलं नाही.

मुलीचं हे दुसरं बाळंतपण होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, पहिल्या वेळी, मी आठव्या महिन्यातच सगळं शिवून पाठवलं होतं. नवी मलमल आणली, धुऊन घेतली, सहा झबली, चार टोपडी, दोन दुपटी आणि लंगोटांची चळत. मी कामं वेळेआधी करते, ती माझी सवय आहे. बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं, आणि त्या कारणात झबलं कुठेही नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. फक्त चहा टाकताना ताई माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एवढी घाई कावून केली वहिनी?" आणि साखर ढवळत राहिली.

त्यानंतर अकोल्याहून मला शिवणाचं एकही काम आलं नाही. इकडे सगळं अमरावती माझ्या दारात चिंध्या आणून टाकत होतं आणि त्या एका घराला साधा ब्लाउज उसवायला माझी गरज पडत नव्हती. मला चिंध्यांची हौस नाही हे मी आधीच सांगितलं. पण हे मला लागलं होतं. म्हणून फोनवर मी नियम मुकाट्याने ऐकून घेतले. त्या बाळाचे कपडे मला शिवायचे होते, आणि ते मी शिवलेले त्या घरात चालायला हवे होते.

मग मी कापड मागायला निघाले.

सगळी लेकरं जिवंत असलेली घरं मिळायला वेळ लागला नाही. हल्ली बहुतेक घरं तशीच आहेत, त्याबद्दल दवाखान्यांचे आभार मानावेत. अडचण कापडाची निघाली. शेजारणीने हौसेने एक साडी काढून दिली आणि प्युअर कॉटन आहे म्हणून सांगितलं. मी तिच्याच स्वयंपाकघरात पदराचा एक धागा ओढून त्याला काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. हा आक्रसला आणि त्याचा टणक काळा मणी झाला. मी तो मणी तिला दाखवला. ही माझी चूक झाली. संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं होतं, की मॅडमने बाळासाठी म्हणून साडी मागितली आणि पेटवून पाहिली. पुढच्या घरांत मी धागा गुपचूप पर्समध्ये ठेवून घरी येऊन जाळायला लागले.

ऑफिसातल्या एकीने मुलाचा टी-शर्ट दिला, घाम लगेच सुकतो असा. मणी. तिसऱ्या घरी जॉर्जेटची ओढणी. तिथे काडी लावायचीही गरज नव्हती. चौथ्या घरची चादर हाताला तर अगदी सुती लागत होती. तिचा धागा आधी जळला, मला बरं वाटलं, आणि मग टोकाला मणी आलाच. पाचव्या घरी नातीचा वाढदिवसाचा फ्रॉक मिळाला, आत-बाहेर सगळी नायलॉनची जाळी. एवढ्याशा बाळाला तो घातला असता तर पाठ सोलून निघाली असती.

आणि हे कुठे? तर आमच्याकडे. त्याच दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागलेल्या होत्या. वाटेतल्या कडुनिंबाच्या फांद्यांना, विजेच्या तारांना, दुभाजकाच्या जाळीला पांढरा कापूस अडकलेला होता. ऑफिसातून येताना माझ्या स्कूटीच्या आरशालाही तो लागायचा. आणि पाच घरं फिरून मला सुती कापडाचा वीतभर तुकडा मिळत नव्हता. ज्यांच्या वावरात कापूस आहे त्यांच्या कपाटात पॉलिस्टर आहे. तेच बरं पडतं, इस्त्री लागत नाही. माझ्याही कपाटात तेच आहे, म्हणून फार बोलत नाही.

मी ताईला फोन करून सांगितलं, की मांजरपाट विकत आणते, चार वेळा उकळते, मऊ होईल. ती म्हणाली, नवं नको. मी म्हटलं, मग पॉलिस्टर घालणार का बाळाला? ती म्हणाली, "तुमी शोधा वहिनी. तुमाले सापडते." हे कौतुक होतं का टाळाटाळ, ते मला कळलं नाही.

आमच्या आठवडी बाजारात कोपऱ्यावर एक म्हातारी भाजीवाली बसते. मोर्शीच्या रस्त्यावरच्या खेड्यातून येते, घरच्या मळ्यातली मेथी-वांगी घेऊन. पाच-सहा वर्षं मी तिच्याकडून भाजी घेते आणि तिने काय नेसलंय हे मी कधी पाहिलं नव्हतं. त्या रविवारी पाहिलं. जुनं नऊवारी लुगडं, धुऊन धुऊन हिरवं म्हणावं की राखाडी अशा रंगाचं, आणि उन्हात त्याच्या आरपार दिसत होतं. बोट लावून पाहायची मला इतकी घाई झाली, की मी सरळ मागितलं.

ती म्हणाली, "नेसलेलं मांगता का काय बाई?"

मी तिला बाळाचं सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, पेटीत दोन आहेत, फाटायला आलीत, पुढच्या बाजारी आणते. आणि आणली. धुऊन, घडी करून, खताच्या थैलीत घालून. मी तिथेच धागा ओढला. तिच्याकडे काडेपेटी होती, विडीसाठी ठेवते. धागा जळला, कागदाचा वास आला, बोटावर राख उरली. पाच आठवड्यांत पहिल्यांदा.

मग मला नियम आठवला. खरं तर आधी विचारायचं होतं. मी आधी कापड पाहिलं, हा माझा स्वभाव. मी विचारलं, मावशी, लेकरं किती तुम्हाला?

"सात झाले. चार हायेत." ती मेथी जोखत होती. "पयलं पाचव्या दिवशी गेलं. मंग बाकीचे झाले. सांभार देऊ का?"

मी कोथिंबीर घेतली आणि घरी आले. वाटेत माझ्या लक्षात आलं, की ताईचा नियम आणि मऊ कापड एका घरातून मिळणारच नाही. जिच्या पेटीत अजून सुती लुगडी आहेत ती बाई या वयाची असणार, आणि त्या वयाच्या बाईची सगळी लेकरं जगलेली असणं कठीण. ज्यांची सगळी जगली त्या माझ्या वयाच्या, आणि आम्ही पॉलिस्टरवाल्या. हे ताईला समजावून सांगायला फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. लुगडी परत करायला हवी होती. मी ती सोड्याच्या पाण्यात उकळली आणि दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात टाकली.

माझा बेत साधा होता. आतून, अंगाला लागेल तिथे लुगडं. बाहेरून काठाला पाच घरची एकेक पट्टी. नियम काठावर राहील आणि बाळाची पाठ शाबूत राहील. मी ताईला कळवलं, की पाची घरचं मिळालं. ते खोटं नव्हतं.

डिसेंबरात रजा टाकून मी अकोल्याला गेले. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत उभी होते, गाठोडं खांद्याला, आणि त्याला कात्रीही लावलेली नव्हती. शब्द दिला होता म्हणून. माझ्या पर्समध्ये मात्र नव्या सुया आणि मशीनच्या तेलाची बाटली होती. ताईकडे मशीन आहे, पण त्याच्यावर मिक्सर ठेवलेला असतो.

ताईने गाठोडं पलंगावर सोडलं आणि एकेक कापड हातात घेऊन चौकशी केली. कोणाचं, लेकरं किती, कुठे असतात. मी भराभर उत्तरं दिली. भाची पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मग ताई लुगड्यांपाशी आली.

"अन् हे?"

"अस्तराला. आमच्या भाजीवाल्या मावशीचं."

"लेकरं?"

"चार," मी म्हटलं.

ताईने मान हलवली आणि घडी बाजूला ठेवली. भाचीने शेंग सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं. बाकी घरांची मी "दोन मुलं, एक पुण्यात, एक इथेच" अशी सगळी माहिती दिली होती आणि इथे एका शब्दात आटपलं होतं, ते तिच्या लक्षात आलं होतं.

दुपारी ताई चक्कीवर दळण आणायला गेली. जाताना सांगून गेली, की वहिनी, नुसतं पाहा, काही सुरू करू नका. दार लागलं तशी भाची म्हणाली, "मामी, तिले चारच झाले का?"

तिला खोटं सांगता आलं असतं. पण आई परत आल्यावर तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला असता, आणि मला एकच खोटं दोनदा नीट सांगता येत नाही. मी म्हटलं, "सात झाले. चार राहिले. पहिलं पाच दिवसांचं होऊन गेलं."

तिने शेंगांची परात खाली ठेवली. मला वाटलं, झालं आता. ही रडेल, ताई येईल, आणि मागच्या वेळी जे पाठ करून बोलली ते या वेळी तोंडावर बोलेल. तिचं तरी काय चुकेल?

"पयल्याच्या नंतर सहा झाले तिले?"

"हो."

"अन् हे तिनं सोताच सांगितलं तुमाले?"

"मी विचारलं म्हणून सांगितलं. मेथी जोखता जोखता."

तिने लुगड्याची घडी उलगडली. मग म्हणाली, "मले कोणी इचारतच नाई मामी. डॉक्टरीण इचारते, कितवं, तं आई मधातच म्हणते, पयलंच समजा. मी काय समजू?"

मी दुसरं लुगडंही तिच्यापुढे सरकवलं.

"याचंच शिवा," ती म्हणाली. "अन् आताच शिवा, आई यायच्या आत."

मी म्हटलं, तुझ्या आईला मी शब्द दिलाय.

"तुमी मागच्या खेपेले शिवलं म्हणून काही झालं नाई. मले तं माहीतच हाये. तुमालेच माहीत नसन." आणि ती उठायला लागली. "मिक्सर कुठं ठेवू?"

नववा महिना भरत आलेल्या पोरीला मिक्सर उचलू द्यायचा नव्हता, म्हणून मी उठून तो उचलला.

मशीनचा पट्टा ढिला होता आणि सुई गंजलेली. सुई बदलली, तेल सोडलं. लुगडं मध्यभागी, बसून बसून विरलेलं असतं, ते सोडून द्यायचं. निऱ्यांचा आणि पदराचा भाग घट्ट असतो. मी तो चौपदरी घातला आणि झबलं कापलं. खांद्याला शिवण येऊ दिली नाही, बाजूच्या शिवणी उलट्या, बाहेरून घातल्या, म्हणजे बाळाला टोचत नाहीत. भाची स्टुलावर बसून कापडाचं टोक धरत होती आणि मला सारखी विचारत होती, हे असं कावून, ते तसं कावून. एरवी मशीनवर असताना मला कुणी बोललेलं चालत नाही.

मशीनचा आवाज गल्लीपर्यंत जातो. ताई पिठाचा डबा घेऊन दारात आली तेव्हा मी दुसऱ्या झबल्याच्या गळ्यावर होते. मी पाय थांबवला.

"वहिनी," ती म्हणाली.

"मीच सांगितलं आई," भाची म्हणाली, आणि मग तिनेच आईला सगळं सांगितलं. सात, चार, पाचवा दिवस, मेथी. मला वाटलं होतं ती अजिजीने सांगेल, पण ती भांडल्यासारखं सांगत होती. शेवटी म्हणाली, "माहं हे दुसरं लेकरू हाये. डॉक्टरणीले उद्या मीच सांगीन."

ताई डबा धरून तशीच उभी होती. हातावर पीठ सांडलेलं तिच्या लक्षात आलं नाही. मग माझ्याकडे वळली.

"तुमाले माहीत होतं, अन् तरी आणलं?"

"मऊ होतं म्हणून आणलं," मी म्हटलं. दुसरं काही कारण नव्हतंच.

ती आत गेली, डबा ठेवला, हात धुतले. बाहेर येऊन पलंगावर बसली. शिवून झालेलं झबलं उचललं, आत हात घालून शिवण बोटांनी तपासली, गळ्याची पट्टी दोन बोटांत चोळून पाहिली. बराच वेळ.

"बटणं नका लावू," ती म्हणाली. "नाडी लावा."

पंचवीस वर्षं मी झबली शिवते आहे. झबल्याला बटण लावणारी बाई मी नव्हे, आणि दुसरं कुणी असतं तर हे मी ऐकवलं असतं. मी "बरं" म्हटलं आणि मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने तिने उरलेल्या कापडाच्या नाड्या वळायला घेतल्या. वाईट वळते, दोन्ही टोकं सुटतात. मी संध्याकाळी गुपचूप पुन्हा वळल्या.

नऊ दिवसांनी मुलगी झाली, धडधाकट, आणि रडणं असं की वॉर्डातल्या बाकी बायका वैतागल्या. त्याचा आणि शिवणाचा काही संबंध नाही. मागच्या वेळीही नव्हता.

पण हे ताईला कोण सांगणार? महिन्याभरात तिचा फोन आला. तिच्या मैत्रिणीच्या सुनेला दिवस गेलेत, आणि तिला त्याच भाजीवालीचं लुगडं हवंय. मी विचारलं, त्याच का? तर म्हणाली, तिचं कापड लागते. असं कोण म्हणतं, मी विचारलं. ती म्हणाली, "मीच सांगितलं ना सगळ्याईले." मी तिला सांगितलं, की त्या मावशीकडे आता अंगावरचं आणि दांडीवरचं एवढीच दोन उरलीत, ती काय उघडी बसेल बाजारात? त्यावर ताईने तोडगा काढला, की मी मावशीला नवी साडी नेऊन द्यावी आणि अंगावरची मागून घ्यावी. तिथल्या तिथे.

मी नाही म्हटलं. मग तिने नियम सांगितला. तोही नवा. सगळं आधीच शिवून झालं पाहिजे, आठवा लागायच्या आत, उशीर झालेला चालत नाही. मी म्हटलं, ताई, तसंही काही नसतं. तिने ऐकलं नाही. त्या सुनेला सातवा लागला होता, आणि माझे पुढचे तीन रविवार आधीच्या लुगड्यांतलं उरलेलं शिवण्यात गेले.